पाण्याचा हिशेब : मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

आपल्या देशाच्या बहुतेक भागांत पाऊस वर्षातून जेमतेम चार महिने पडतो. पिकांना, जनावरांना आणि माणसांना पाणी मात्र बारा महिने लागते. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्याच नद्यांच्या पात्रात झिरे खणण्याची वेळ येते. ही तफावत भरून काढण्यासाठी आपल्या पूर्वजांनी गावोगावी तळी, बंधारे आणि तलाव बांधले. आधुनिक काळात याच कामाला शास्त्राची आणि हिशेबाची जोड ज्यांनी दिली, त्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. मोठमोठी धरणे बांधणारे अभियंते म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु साठवलेले पाणी कोणाला, किती आणि केव्हा द्यावे, हा धरण बांधण्याइतकाच अवघड प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळला, ही गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. या पाठात आपण त्यांच्या जीवनाची ओळख मुख्यतः याच अंगाने करून घेणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. हे गाव आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे. या भागात बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. पाऊस बेताचा, जमीन उंचसखल आणि शेती तलावांच्या भरवशावर, अशी तेथील परिस्थिती. पावसाळ्यात तलाव भरला तर गावाला सुगी आणि तो कोरडा राहिला तर उपासमार, हे चित्र या मुलाच्या डोळ्यांसमोर होते. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरची सांपत्तिक स्थिती मात्र साधारण होती. वडिलांचे छत्र लवकरच हरपले. तेव्हा आई वेंकटलक्ष्मम्मा यांनी मुलाच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही.

चिक्कबळ्ळापूर येथील शालेय शिक्षण आटोपून ते बंगळुरास आले. शिकवण्या करून त्यांनी आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला आणि १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून बी. ए. ची पदवी मिळवली. त्यांचा गणितातील अधिकार पाहून म्हैसूर सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. १८८३ मध्ये ते अंतिम परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. या यशामुळे १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली. पुढील जवळजवळ पाव शतक त्यांनी या इलाख्यात काढले. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाचा पहिला मोठा अध्याय महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला.

पांझराकाठचा पहिला धडा

नोकरीच्या आरंभीच त्यांना खानदेशात पाठवण्यात आले. पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवले होते. अशा रचनेला सायफन म्हणतात. नळाचे आरंभीचे तोंड शेवटच्या तोंडापेक्षा उंच असले, की पाणी आपल्याच दाबाने नदीखालून जाऊन पलीकडे वर येते. पावसाळा सुरू झाला होता. नदीला पूर येत होते आणि पात्रातील खोदकाम गाळाने भरून जात होते. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्या तरुण अभियंत्याने प्रथम वरिष्ठांना सुचवले. परंतु वरिष्ठांची तशी इच्छा नव्हती. तेव्हा त्यांनी चिकाटीने पुन्हा काम हाती घेतले आणि भर पावसाळ्यात ते पुरे केले.

खानदेशातील याच नद्यांच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांनी शतकानुशतके चालवलेली सिंचनाची एक जुनी रीत आहे. तिला फड पद्धत म्हणतात. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे नेले जाते. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडले जातात. एका फडात सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे आणि दर वर्षी फडांतील पिके पाळीपाळीने बदलायची, असा नियम असतो. प्रत्येक फडात प्रत्येकाची थोडी जमीन असल्यामुळे ऊस सर्वांच्या वाट्याला येतो आणि ज्वारी-बाजरीही सर्वांच्या वाट्याला येते. पाणी वाटण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करतो. पुढे विश्वेश्वरय्यांनी पुणे जिल्ह्यात जी योजना आखली, तिचे या रीतीशी असलेले साम्य कोणाच्याही नजरेत भरण्यासारखे आहे.

त्यानंतर काही काळ त्यांची सेवा सिंधमधील सक्कर शहराला देण्यात आली. आज हे शहर पाकिस्तानात आहे. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते आणि ते गाळण्यासाठी मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदवली. पात्रातील वाळूतून झिरपत आलेले स्वच्छ पाणी तिच्यात जमू लागले आणि शहराची अडचण दूर झाली. जवळ आहे त्यातूनच मार्ग काढण्याची त्यांची वृत्ती या कामात स्पष्ट दिसते.

खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे

पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासला येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरण बांधण्यात आले होते. पुणे शहर आणि लष्करी छावणी यांना पिण्याचे पाणी, तसेच मुठा कालव्यांखालील शेतीला पाणी याच जलाशयातून मिळे. लोकसंख्या वाढली, बागायतही वाढली आणि साठा अपुरा पडू लागला. दुसरीकडे पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर येणारे सारे पाणी सांडव्यावरून वाहून जाई. हे जादा पाणी अडवावे कसे, हा प्रश्न होता. भिंत आणि सांडवा उंच करणे खर्चाचे होते. शिवाय महापुराच्या वेळी पाण्याचा वाढीव भार धरणाला धोका पोहोचवू शकला असता.

विश्वेश्वरय्यांनी यावर एक कल्पक उपाय शोधला. त्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवण्याची योजना केली. एरवी हे दरवाजे मिटलेले राहत आणि त्यांच्या उंचीइतका जादा साठा जलाशयात होई. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढू लागले, की पाण्याच्याच जोरावर ते आपोआप उघडत आणि पूर निघून जाई. पातळी उतरली, की ते पुन्हा मिटत. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी उंचावली. १९०३ मध्ये हे दरवाजे बसवण्यात आले. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही याच धर्तीची रचना वापरली गेली. या शोधाचे एकस्व त्यांनी घेतले होते. परंतु आपण सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचा मोबदला घेणे योग्य नाही, असे मानून त्यांनी त्यावरील स्वामित्वधन नाकारले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्यात खडकवासल्याचे जुने धरणही खचले. नंतर ते पुन्हा बांधण्यात आले.

कालव्याच्या तोंडाशी आणि शेवटाशी

जलाशयातील साठा वाढला, तरी शेतीच्या पाण्याचा प्रश्न सुटला नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या भीषण दुष्काळांनी दख्खनचा शेतकरी पुरता खचला होता. ज्या भागात कालवे होते, तेथेही पाण्याचा लाभ सर्वांना सारखा मिळत नव्हता. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाई. एकदा पट्टी भरली, की पाणी कितीही घेतले तरी खर्च तेवढाच. त्यामुळे कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला वाजवीपेक्षा कितीतरी अधिक पाणी देत. रात्री तर पाणी शेतांतून नाल्याला वाहून जाई. शेवटाकडील शेतकऱ्याचा पाट मात्र कोरडाच राही. एकीकडे पीक वाळत असे आणि दुसरीकडे अति पाण्याने जमिनी पाणथळ व खारवट होत, डबकी साचत आणि हिवताप पसरत असे. पाणी होते, पण त्याचा हिशेब नव्हता.

पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचे काम हाती आल्यावर विश्वेश्वरय्यांनी प्रथम पाळीपद्धतीवर भर दिला. कालव्याच्या शाखा आळीपाळीने सुरू व बंद ठेवायच्या आणि प्रत्येकाला सुमारे दहा दिवसांनी ठरलेल्या वेळी पाणी द्यायचे, असा हा क्रम होता. आजवर हवे तेव्हा पाणी घेण्याची सवय झालेल्या बागायतदारांना हा आपल्यावरील अन्याय वाटला. तक्रारी झाल्या, वृत्तपत्रांतूनही टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी ती झिडकारली नाही. शेतकऱ्यांना एकत्र बोलावून त्यांनी आपल्या योजनेमागील विचार समजावून सांगितला. उसाला दररोज पाण्यात उभे राहण्याची गरज नसते, ठरावीक अंतराने मिळालेले पाणी त्याला पुरते आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी जमीन भिजते, हे त्यांचे म्हणणे होते.

याच विचारातून पुढे नीरा डाव्या कालव्यावर त्यांची ब्लॉक पद्धत आकाराला आली. हा कालवा बारामती आणि इंदापूर या अवर्षणग्रस्त भागांतून जातो. कालव्याखालच्या योग्य जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटाच्या एक तृतीयांश भागात ऊस घ्यायचा आणि उरलेल्या भागांत भात व भुसार पिके घ्यायची. दर वर्षी ऊस पुढच्या भागात सरकवायचा, म्हणजे तीन वर्षांत सर्व जमिनीला उसाची पाळी मिळते आणि जमिनीला विसावाही मिळतो. गटाला पाण्याची हमी दिली जाई. परंतु गटाबाहेर मनमानी पाणी नसे. पाणी एका कडेला साचून राहू नये आणि ते थोड्यांच्या हाती न जाता अनेक गावांना मिळावे, हा या रचनेचा गाभा होता. १९०१ ते १९०३ या काळात नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगाने या योजनेची अनुकूल दखल घेतली.

या कामात तांत्रिक अडचण फारशी नव्हती. अडचण होती ती माणसांच्या सवयींची आणि स्वार्थाची. धरणाचा दरवाजा पाण्याच्या जोरावर आपोआप उघडतो आणि मिटतो. समाजाचा संयम मात्र आपोआप येत नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने शेवटाकडील शेतकऱ्याची आठवण ठेवावी, यासाठी नियम आणि ते पाळण्याची सामूहिक तयारी दोन्ही लागतात. पुढील काळात उसाचा मोह वाढत गेला आणि पाण्याची ही शिस्त अनेक ठिकाणी टिकली नाही. तोंडाशी अति पाणी आणि शेवटाशी कोरडा पाट ही तक्रार देशातील अनेक कालव्यांवर आजही ऐकू येते.

मुसी नदीचा पूर

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याची सेवा सोडली आणि ते परदेश प्रवासाला निघाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादवर भयंकर संकट कोसळले. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने शहराच्या पुनर्रचनेसाठी आणि पूरनियंत्रणासाठी विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. १९०९ मध्ये त्यांनी हैदराबादला येऊन नदीच्या संपूर्ण खोऱ्याची पाहणी केली. त्या खोऱ्यात शेकडो लहानमोठे तलाव होते. अतिवृष्टीत त्यांपैकी दोनशेहून अधिक तलाव फुटले होते आणि त्यांच्या पाण्याने पुराची तीव्रता वाढवली होती.

शहराच्या वरच्या बाजूला मुसी व तिची उपनदी ईसी यांवर दोन मोठे जलाशय बांधावेत, पुराचे पाणी तेथे अडवावे आणि नंतर सावकाश सोडावे, असा उपाय त्यांनी सुचवला. त्यानुसार १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. पूर रोखण्यासाठी बांधलेल्या या जलाशयांनी पुढे अनेक दशके शहराची तहानही भागवली. जे पाणी एका दिवसात शहराचा नाश करू शकते, तेच अडवून ठेवले तर वर्षभर त्याचे पोषण करते, हे या कामाने सिद्ध केले.

कृष्णराजसागर

१९०९ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. या वेळी कावेरी नदीवर शिवसमुद्रम येथे १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली जात होती. परंतु उन्हाळ्यात नदीचे पाणी घटले, की वीजही घटे. शिवाय मंड्याच्या परिसरातील विस्तीर्ण जमीन पाण्यावाचून कोरडवाहू राहिली होती. या दोन्ही गरजा एकाच जलाशयातून भागवण्यासाठी विश्वेश्वरय्यांनी म्हैसूरजवळ कन्नंबाडी येथे धरण बांधण्याची योजना मांडली. खर्चाचा अंदाज सुमारे अडीच कोटी रुपये होता. एका संस्थानाच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी होती. दरबारात शंकाकुशंका निघाल्या. अखेर महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी मंजुरी दिली आणि १९११ मध्ये कामाला प्रारंभ झाला.

अडचण एवढीच नव्हती. कावेरी पुढे मद्रास इलाख्यात जाते आणि तंजावरच्या भातशेतीचे जीवन तिच्यावर अवलंबून आहे. वरच्या बाजूला पाणी अडवले तर आपल्या शेतकऱ्यांचे काय होणार, अशी भीती मद्रास सरकारला वाटली. त्याने धरणाच्या पूर्ण उंचीला संमती दिली नाही. ८० फुटांपर्यंतच्या पहिल्या टप्प्यालाच मान्यता मिळाली. विश्वेश्वरय्यांनी तेवढ्याच उंचीचे काम सुरू केले. परंतु पाया मात्र भविष्यातील पूर्ण उंचीला पेलेल इतका रुंद घेतला. वाटाघाटी आणि लवाद यांत वर्षे गेली. शेवटी १९२४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला आणि उंची वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्या काळी सिमेंट परदेशातून आणावे लागे. म्हणून या धरणाच्या बांधकामात चुना आणि विटांची भुकटी यांपासून केलेली सुरखी वापरण्यात आली. १९३० च्या दशकाच्या आरंभी धरण पूर्ण झाले. त्याची लांबी अडीच किलोमीटरांहून अधिक असून जलाशयाची साठवणक्षमता सुमारे ४९ अब्ज घनफूट आहे. येथून निघालेल्या कालव्याला प्रथम आयर्विन कालवा असे नाव होते. आज तो विश्वेश्वरय्या कालवा म्हणून ओळखला जातो. वाटेतील उंचवटा फोडून बोगद्यातून त्याचे पाणी मंड्याकडे नेण्यात आले. लाखाहून अधिक एकर जमिनीला पाणी मिळाले. दुष्काळाच्या छायेत राहणारा हा प्रदेश भात आणि ऊस पिकवू लागला आणि १९३३ मध्ये मंड्याला साखर कारखाना उभा राहिला.

या समृद्धीची किंमतही कोणाला तरी मोजावी लागली. कन्नंबाडी आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली, तेथील लोकांना घरेदारे सोडून अन्यत्र जावे लागले. कावेरीच्या पाणीवाटपाचा वादही १९२४ च्या करारानंतर कायमचा मिटला नाही. १९९० मध्ये त्यासाठी लवाद नेमावा लागला, २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निर्णय द्यावा लागला. जी अडचण एका कालव्याच्या तोंडाशी आणि शेवटाशी असलेल्या शेतकऱ्यांत होती, तीच येथे नदीच्या वरच्या आणि खालच्या राज्यांत दिसते.

दिवाण आणि लोकसेवक

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. शेतीला पाणी मिळाले तरी अज्ञान आणि बेकारी कायम राहिली तर दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शिक्षणाचा प्रसार झाला, १९१३ मध्ये म्हैसूर बँक आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. भद्रावती येथील लोखंडाच्या कारखान्याचा पाया घातला गेला. मतभेदांमुळे त्यांनी दिवाणपद सोडले, तरी सार्वजनिक काम सोडले नाही. १९३४ मध्ये त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेविषयी ग्रंथ लिहिला. १९३७ मध्ये त्यांनी ओरिसातील पुरांचा अभ्यास करून महानदीच्या खोऱ्यात साठवण जलाशयांच्या शक्यतेची पाहणी करावी, असे सुचवले. पुढे त्याच नदीवर हिराकुड धरण उभे राहिले.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान प्राप्त झाला. वयाची शंभर वर्षे ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी बंगळुरात देह ठेवला. नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसह देशातील अनेक संस्था आज त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

विश्वेश्वरय्यांनी बांधलेली वा आखलेली धरणे आपल्याला दुरूनही दिसतात. त्यांनी आखलेली पाळी मात्र डोळ्यांना दिसत नाही; ती लोकांच्या वागण्यात दिसावी लागते. पाणी साठवणे हे अर्धे काम आहे आणि ते न्यायाने वाटणे हे उरलेले अर्धे. गावचे तळे असो, घरावरची टाकी असो की शेकडो गावांना पाणी देणारा कालवा असो, तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने आपल्या गरजेपुरते घेऊन पाट पुढे मोकळा सोडला, तरच शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते. या थोर अभियंत्याच्या जीवनातून घ्यावयाचा बोध तो हाच.